पेटीचा सोलर कुकर: घेण्याआधी काच, आरसा आणि आपली गच्ची नीट पाहा

चार काळे डबे, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा असलेला पेटीचा सोलर कुकर अनेक छोटे कारखाने जवळपास एकाच नमुन्यावर बनवतात. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचे नाही, या नमुन्याचे आहे. दुपारचा वरण-भात, उकडलेले बटाटे, रताळी, बीट, रात्रभर भिजवलेली कडधान्ये, दाणे आणि रवा भाजणे या कामांत तो चोख आहे. पोळी, भाकरी, फोडणी आणि तळण त्याच्याने होत नाही, आणि होईल असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून तो घेऊ नये. सकाळी साडेसातला डबा भरून निघणाऱ्या घरात तो निरुपयोगी. दुपारी एक-दीडला घरी जेवणारे कोणी असेल आणि मोकळी गच्ची असेल, तर महाराष्ट्रात वर्षातले साधारण आठ महिने तो काम देतो.

आता तो इतका सावकाश का शिजवतो ते पाहू, कारण विकत घेतल्यावर पहिली तक्रार हीच असते. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळतात. हवा, बाष्प आणि धूळ यांतून गाळून निरभ्र दुपारी जमिनीवर १००० वॅटच्या आसपास उरतात, आणि त्यातले थेट सूर्याच्या दिशेने येणारे ८०० ते ९००. कुकरची काच साधारण ५० बाय ५० सेंटिमीटरची, म्हणजे पाव चौरस मीटर. आरशाची भर धरली तरी पेटीवर पडतात २८०-३०० वॅट. दोन काचांतून जाताना, बाजूंनी आणि फटींतून जे निसटते ते वजा केले की अन्नाला ८० वॅटच्या आसपास मिळतात. तांदूळ, डाळ, भाजी आणि पाणी मिळून दोन किलो ऐवज ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ५९० किलोजूल लागतात. भागाकार केला की उत्तर दोन तास येते. गॅसची मोठी शेगडी दोन हजार वॅटच्या घरात असते, तिच्याशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. उलट या संथपणाचा फायदा असा की काही करपत नाही आणि उतू जात नाही.

दोन तास मोजायचे ते घड्याळातल्या बारापासून नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पुणे ७४ अंशांच्या जरा अलीकडे, त्यामुळे पुण्यात सूर्य मध्यावर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चक्क १२:४९ ला. मुंबईत त्याहून चार मिनिटे उशिरा, नागपुरात एकवीस मिनिटे लवकर. सूर्य वर आणि प्रकाश जोरात असण्याचा काळ मध्याच्या दोन्ही बाजूंना अडीच तास. पुण्या-मुंबईत साडेनऊ-दहाला पेटी लावली की एकपर्यंत जेवण तयार. बाराला लावली तर भात होईल, पण राजमा कच्चा राहण्याची शक्यता मोठी. हिवाळ्यात साडेचारनंतर सूर्य इतका खाली येतो की प्रकाशाला माथ्यावरच्यापेक्षा तिप्पटीहून जास्त हवेतून यावे लागते. त्या उन्हात पेटी नुसती कोमट राहते, तेव्हा 'दुसरा घाणा' अडीचच्या आत पुरा होईल असाच लावावा.

आरसा हा या यंत्राचा सर्वांत दुर्लक्षित भाग. पुष्कळजण तो पहिल्या दिवशी एका कोनात अडकवतात आणि वर्षभर तसाच ठेवतात. २१ डिसेंबरला पुण्यात भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. आडव्या काचेवर थेट ऊन तिरपे पडते आणि सुमारे पावपट कमी मिळते. पण त्याच वेळी आरसा जवळजवळ सरळ उभा, म्हणजे काचेशी ९२ अंशांच्या कोनात ठेवला तर त्याच्याकडून मिळणारी भर मेपेक्षा जास्त असते. म्हणून नीट लावलेल्या आरशासह डिसेंबरची दुपार मेच्या दुपारपेक्षा फारशी मागे पडत नाही. मार्चच्या अखेरीस कोन १०८ अंशांच्या आसपास लागतो, मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर असताना १२०. दुपार कलून सूर्य ३० अंशांवर आला की आरसा ८० अंशांपर्यंत पुढे झुकवावा लागतो. सूत्र हवे असेल तर हे घ्या: सूर्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांशात ६० मिळवा. ते काचेच्याच लांबीच्या आरशाला लागू आहे. कोनमापक कोणी गच्चीवर नेत नाही. काचेवर पडलेला उजेडाचा चौकोन पाहा. तो पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि तिच्या बाहेर सांडता कामा नये.

दिशेचेही तसेच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आरशाचे तोंड दक्षिणेला करून साडेदहाला पेटी लावली आणि अडीचपर्यंत हात लावला नाही तरी स्वयंपाक होतो, कारण सूर्य सबंध वेळ दक्षिणेच्या आकाशातच फिरत असतो. मेमध्ये हे चालत नाही. सकाळी सूर्य सरळ पूर्वेला, मध्यान्ही डोक्यावर आणि थोड्याच वेळात पश्चिमेला. त्या दिवसांत सकाळी तोंड पूर्वेला आणि पाऊण वाजता पेटी अर्धी गोल फिरवून पश्चिमेला, एवढे कष्ट घ्यावेच लागतात. खाली चाके असलेले मॉडेल यासाठीच घ्यावे. चाके नायलॉनची आणि रुंद हवीत, कारण गच्चीवरच्या चायना मोझॅकच्या खाचांत बारीक चाके अडकतात.

आता जागा. फ्लॅटमधल्या मंडळींची फसगत बहुधा इथेच होते. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते, ते पाहून कुकर घेतला जातो आणि एप्रिल उजाडला की वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारभर सावली धरतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर पुण्या-मुंबईत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचे, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाण्याचे दिवस येतात ते या काळाच्या दोन टोकांना. म्हणून बाल्कनीवाल्यांनी हा कुकर पाच महिन्यांचा समजावा. बाराही महिने आकाश दिसणारी गच्ची किंवा अंगण नसेल तर पैसे राखून ठेवलेले बरे.

आकाशाची परीक्षा सोपी आहे. हाताची सावली जमिनीवर धारदार कडांची पडली तर पेटी लावा. कडा पुसट असतील तर भात तेवढा ठेवा. सावलीच नसेल तर गॅस. थर्मामीटर ४२ अंश दाखवतो म्हणून अन्न शिजेल असे मुळीच नाही. मळभाच्या दमट दिवशी प्रकाश सगळीकडून विखरून येतो आणि विखुरलेला प्रकाश आरशाला वळवता येत नाही. पावसाने धूळ धुऊन गेल्यानंतरचा ऑक्टोबर आणि कोरड्या हवेचा फेब्रुवारी हे दोन उत्तम महिने. मे त्यामानाने धुळीचा, आणि किनाऱ्यावर महिनाअखेरीस ढगांचा. जून ते सप्टेंबर पेटी कोरड्या जागी ठेवून द्यावी. मराठवाडा-विदर्भात पावसाची उघडीप लांबली तर मधले दिवस सापडतात, कोकण-गोव्यात त्याची आशा धरू नये.

दुकानात काय पाहायचे? आधी काच. दोन काचा हव्यात, दोन्ही टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, आणि त्यांच्यात बोटाच्या जाडीएवढी हवेची पोकळी. साध्या काचेवर गरम असताना पाण्याचे चार थेंब उडाले तरी तडा जातो. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा कोरलेला छाप असतो, नसेल तर बिलावर लिहून घ्या. नंतर गॅस्केट, म्हणजे चौकटीची फट बंद करणारी रबरी पट्टी: काचेच्या चौकटीखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून चौकट बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना ती अडखळत, ओढ देत निघाली पाहिजे. एका कोपऱ्यात सुळकन निघाली तर तिथून वाफ जाणार आणि पेटी कधीच नीट तापणार नाही. गॅस्केट सिलिकॉनचे असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. साधे रबर उन्हाने लवकर कडक होते. आतला ट्रे काळा पण बिनचमकेचा हवा, चमकदार ऑइलपेंटचा नको. बाजूच्या भिंती तिरक्या असाव्यात, म्हणजे डब्यांची सावली तळावर कमी पडते. तळाला आणि बाजूंना पाच सेंटिमीटर ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर, हवे. ते दिसत नाही, म्हणून पेटीचे कोपरे हलकेच वाजवून पाहा: आवाज पोकळ आला तर थर बसला आहे किंवा मुळातच कमी भरला आहे. आरसा ४ मिलिमीटर काचेचा आणि मागे लाल किंवा करडा रंगाचा पक्का थर दिलेला. चमकत्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा 'न फुटणारा आरसा' वर्षभरात मंद होतो. त्यापेक्षा काच फुटण्याची भीती परवडली.

बाहेरची बॉडी फायबरची की पत्र्याची, यावर दुकानदार बराच वेळ घालवतात. किनारपट्टीवर फायबर घ्या, घाटावर काहीही चालते. विजेच्या कॉइलची जोड असलेले मॉडेल मात्र आमच्या मते टाळावे. ऊन नसेल त्या दिवशी घरातला प्रेशर कुकर आहेच. पेटीत कॉइल घातली की वजन, किंमत आणि बिघडण्याच्या जागा तेवढ्या वाढतात.

पेटीच्या सोलर कुकरसाठी आयएस १३४२९ हे भारतीय मानक आहे. त्यातल्या चाचणीचे तत्त्व घरीही वापरता येते. फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी पेटी सपाट ठेवा, आरसा काळ्या कापडाने झाका, डबे काढून घ्या आणि तळाला टेकेल असा ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवा. साडेअकरा ते दीड पेटी उघडायची नाही. दीडला काचेतूनच तापमान वाचा आणि सावलीतल्या हवेचे तापमान त्यातून वजा करा. 'अ' दर्जाच्या पेटीत हा फरक, उन्हाच्या दर चौरस मीटर वॅटने भागला असता, किमान ०.१२ यावा लागतो. ऊन ९०० वॅट धरले तर फरक १०८ अंश, म्हणजे बाहेर ३० असताना आत १३८. घरच्या थर्मामीटरची चूक धरून १०० च्या आसपास फरक आला तरी माल चांगला. ८५ च्या खाली आला तर फट किंवा अपुरे ग्लासवूल, आणि तो परत करावा. डिसेंबरात ही चाचणी घेऊ नका. आडव्या काचेवर तेव्हा ऊनच कमी पडते आणि चांगली पेटीही नापास होते.

स्वयंपाकाची मापे गॅसपेक्षा वेगळी आहेत, कारण वाफ जवळजवळ बाहेर जात नाही. भाताला एक वाटी तांदूळ आणि पावणेदोन वाटी पाणी, धुऊन निथळलेला तांदूळ असेल तर दीड. तूरडाळ अर्धा-एक तास भिजवून अडीचपट पाण्यात. हळद-हिंग आधी घाला, पण मीठ, चिंच, आमसूल आणि टोमॅटो डाळ शिजल्यावर, नाहीतर दाणा कडक राहतो. चांगल्या उन्हात भात दीड ते दोन तास, डाळ दोन-अडीच, भिजवलेले चणे किंवा राजमा तीन-साडेतीन. बटाटे आणि रताळी अख्खी, दोन चमचे पाण्यात, दोन तास. अंडी पाण्याशिवाय, नुसती डब्यात. शेंगदाणे तेलाशिवाय पसरून दोन तासांत खमंग होतात आणि करपत नाहीत. चटणी-कुटासाठी हा कुकर घेतला तरी वाया गेला असे वाटणार नाही. रव्याचा केक १२५-१३० अंशांवर सव्वादोन तासांत होतो, फक्त वरचा थर तपकिरी होत नाही. पालेभाज्या ठेवू नका. त्यांचा रंग उतरतो आणि चव उकडल्यासारखी लागते.

डबा दोन-तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही, आणि चारही डबे भरायची सक्तीही नाही. डिसेंबरात किंवा धुरकट दिवशी दोनच डबे ठेवा. वजन निम्मे झाले की वेळ चांगलाच कमी होतो. 'झाले का' म्हणून काच उघडणे ही सर्वांत महागडी सवय. एकदा उघडली की आतली गरम हवा जाते आणि पुढे वीस-पंचवीस मिनिटे ती भरून काढण्यात जातात. सगळे डबे एकाच वेळी उघडायचे, आणि डाळ किंवा कडधान्य सर्वांत उशिरा शिजते हे धरून वेळ ठरवायची. शिजल्यावर आरसा मिटून ठेवला तर अन्न दीड-दोन तास चांगले गरम राहते, पण ते संध्याकाळसाठी तसेच आत ठेवू नये. कोमट पेटीत भात आंबतो. महाबळेश्वर-पाचगणीला पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, तिथे कडधान्यांना अर्धा तास जास्त द्या.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. दोन काचांच्या मध्ये वाफ धरली म्हणजे काचेची सील गेली. चौकट उघडून, काचा उन्हात पूर्ण वाळवून, सिलिकॉनने पुन्हा बसवाव्या लागतात. नुसते पुसून दोन दिवसांत पुन्हा धुके येते. पेटी हळूहळू मंद होत गेली आणि गॅस्केट ठीक असेल, तर ग्लासवूल ओले झाले आहे. एकदा भिजलेले ग्लासवूल पुरते वाळत नाही, ते बदलावे, आणि हाताळताना हातमोजे व मास्क घालावे. पावसाचा पहिला सडाका गच्चीवर खाणारी पेटी याच मार्गाने संपते. ट्रेचा काळा रंग सोलवटला तर उष्णता सहन करणारा मॅट काळा रंग लावा आणि डबे न ठेवता दोन दिवस कडक उन्हात तापवा, म्हणजे वास जातो. आरशाच्या कडा काळ्या पडणे हे दमटपणाचे लक्षण आहे, किनाऱ्यावर ते लवकर होते. कडांना सिलिकॉन फिरवून घेतल्यास उशीर होतो. वारा ही सर्वांत वाईट गोष्ट. बिजागरीला एकच अडणी असेल तर झोताने झाकण धाडकन काचेवर येते, म्हणून दोन्ही बाजूंना अडणी असलेलेच मॉडेल घ्या.

काच रोज कोरड्या सुती कापडाने पुसा. बोअरच्या पाण्याने धुतली तर क्षारांचे डाग राहतात, आणि पुढे तेच डाग ऊन अडवतात.

सुरक्षिततेबद्दल पेट्यांवर काहीच लिहिलेले नसते. सपाट आरसा ऊन एका बिंदूत गोळा करत नाही, त्यामुळे आगीची भीती जवळजवळ नाही. ट्रे मात्र १२० अंशांवर असतो आणि तो लालभडक दिसत नसल्याने चटका बसतो. काच उघडताना तोंड बाजूला, हातात जाड फडके. आरसा फिरवताना प्रकाश थेट डोळ्यांत येतो, गडद गॉगल घाला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: पातळ ढगांत कुकर थंडावतो, पण त्वचा भाजणारे अतिनील किरण त्यातूनही पुष्कळ येतात, ८० टक्क्यांपर्यंत. मार्च ते मे भर दुपारी महाराष्ट्रात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. 'आज ऊन नाही' म्हणून उघड्या डोक्याने गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी टोपी आणि बाह्या विसरू नयेत.

घाई असणाऱ्यांना तबकडीचा सोलर कुकर सुचवला जातो. १.४ मीटर व्यासाची तबकडी दीड चौरस मीटर ऊन एका भांड्याच्या तळाशी आणते, म्हणून ती ६०० वॅटच्या घरात काम करते आणि फोडणीही देते. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी ती वळवावी लागते, शेजारी उभे राहावे लागते, आणि वापरानंतर झाकली नाही तर त्या झोतात आलेले कापड पेटू शकते. शेतघर, आश्रमशाळा, छोटी खानावळ यांना ती योग्य, घरच्या गच्चीला नाही. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ पासून ७३ मोठ्या तबकड्यांवर वाफ तयार करून प्रसादाचा स्वयंपाक होतो, पण तो मोठ्या प्रकल्पाचा मामला आहे. त्याचे फोटो दाखवून घरगुती पेटी विकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पैशांचा हिशेब. 'वर्षाला तीन-चार सिलिंडर वाचतात' हे वाक्य माहितीपत्रकात हमखास असते. प्रेशर कुकरात वरण-भात लावायला ७०-८० ग्रॅम गॅस जातो. वर्षात २४० दिवस पेटी वापरली तर वाचतात १७ ते १९ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरने साधारण सव्वा. रोज दुसरा घाणा लावला आणि कडधान्ये, दाणे, बटाटे सगळे त्यातच केले, तर हा आकडा अडीचपर्यंत जाईल. सिलिंडरच्या आजच्या भावाला सव्वाने गुणा आणि कुकरच्या किमतीला त्या रकमेने भागा: जितकी वर्षे येतील तितक्यांत पैसे वसूल. पेटी नीट ठेवली तर दहा-बारा वर्षे चालते, मध्ये एकदा गॅस्केट आणि एकदा आरसा बदलून.

नवी घेण्याआधी माळ्यावर पाहा. १९८० च्या दशकात सरकारी अनुदानावर असे कुकर खूप विकले गेले आणि कितीतरी घरांत ते अजून पडून आहेत. बाहेरची बॉडी गंजली नसेल तर काच, गॅस्केट, ग्लासवूल, आरसा आणि रंग एवढे सगळे गावातल्या काचवाल्याकडे आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून चौकटीचे माप चारही बाजूंनी घ्या आणि काच दोन्ही दिशांना ३ मिलिमीटर कमीच सांगा. काच गरम होऊन फुगते, तिला तेवढी जागा लागते. आरसा काचेच्या चौकटीएवढाच घ्या, लहान घेतला तर डिसेंबरात भात उशिरा होईल.